वाढत्या वयाचे ताट

(शीळफाटा येथे पालक आणि किशोरवयीन विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शीळफाट्यावर चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. एक कल्याण-डोंबिवलीकडून, दुसरा मुंब्रा-ठाण्याकडून, तिसरा पनवेल-तळोज्याकडून आणि चौथा महापेमार्गे नवी मुंबईकडून. एका पिढीपूर्वी या रस्त्यांच्या दुतर्फा भातशेती होती. शीळ, डायघर, देसाई, पडले, खिडकाळी या गावांतील घरांत तांदळाची भाकरी, वालाची उसळ, शेवग्याच्या शेंगा आणि खाडीची मासळी हा रोजचा आहार होता. आज त्याच शेतांवर उंच इमारती उभ्या आहेत, आणि सकाळी साडेसहापासून या नाक्यावर वाहनांची रांग लागते. त्या रांगेत शाळेच्या बसगाड्या आणि रिक्षा असतात, महाविद्यालयात निघालेली मुले-मुली असतात. त्यांच्यापैकी किती जणांनी घरातून निघण्यापूर्वी पोटात काही घातले असेल?

हा प्रश्न साधा वाटतो; पण त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. वाहतूक तुंबते म्हणून मुले लवकर निघतात, लवकर निघायचे म्हणून न्याहारी राहून जाते. मधल्या सुट्टीत वडापाव किंवा शेव-चिप्सची पुडी, दुपारी गार झालेला डबा अर्धा परत, संध्याकाळी शिकवणीला जाता जाता चायनीजच्या गाडीवर थांबणे आणि रात्री दहा वाजता जेवण. पोट भरले, भूक भागली, पैसेही भरपूर खर्च झाले. पण शरीराला जे हवे होते ते मिळाले का? ज्या घरात अन्नाची ददात नाही, त्या घरातही कुपोषण असू शकते, हे मध्यमवर्गीय पालकांना चटकन पटत नाही. म्हणूनच आजचा हा विषय.

दुसरी आणि शेवटची संधी

माणसाच्या आयुष्यात शरीर झपाट्याने वाढण्याचे दोन काळ असतात. पहिला गर्भावस्थेपासून दोन वर्षांपर्यंतचा, दुसरा पौगंडावस्थेचा. मुलींमध्ये ही वाढ साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी वेग घेते, मुलांमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी. प्रौढपणी माणसाचे जे वजन असते त्यातील जवळपास निम्मे आणि जी उंची असते तिच्यातील सुमारे १५ ते २० टक्के वाट्याची भर याच काळात पडते. हाडांची घनता तर मुलींमध्ये अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के पूर्ण झालेली असते. साठाव्या वर्षी आजीचे खुब्याचे हाड मोडते, तेव्हा आपण तिच्या वयाला दोष देतो. त्या हाडाचा पाया तिच्या चौदाव्या वर्षी घातला गेला होता, हे मात्र विसरून जातो.

बाळाच्या पहिल्या दोन वर्षांची काळजी आपल्या घरांत डोळ्यांत तेल घालून घेतली जाते. दुसऱ्या संधीच्या वेळी मात्र मूल 'मोठे झालेले' असते. त्याला काय खायचे ते कळते, असे आपण गृहीत धरतो. शासनाच्या व्यवस्थेतही नेमकी येथेच एक फट आहे. शासकीय आणि अनुदानित शाळांतील पोषण आहार, ज्याला २०२१ पासून 'पीएम पोषण' हे नाव आहे, तो आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलांना त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. नववीत गेल्यावर शाळेतले हे ताट बंद होते, आणि शरीराची मागणी मात्र तेव्हाच सर्वाधिक असते. म्हणजे नववीपासून पुढे सारी जबाबदारी घरावर येते.

रक्तातील उणीव

प्रथम लोहाचा विचार करू, कारण सर्वांत मोठी उणीव तेथेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के होते. त्यापूर्वी २०१६-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय समग्र पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील ४० टक्के मुली व १८ टक्के मुले रक्तक्षयी आढळली होती. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि रक्त घेण्याच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे. पण कमी आकडा खरा धरला, तरी दहा मुलींमागे चार मुली होतात. महाराष्ट्र हा पुढारलेला प्रांत. येथेही १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले आहे.

अशी मुलगी आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीची आहे. ती आजारी नसते. जिना चढताना धापा टाकते, दुपारच्या तासाला तिचे डोळे मिटतात, खेळायला बोलावले की नको म्हणते, केस गळतात म्हणून तेल बदलते. घरातील माणसे म्हणतात, "आळशी झाली आहे." शिक्षक म्हणतात, "लक्ष नसते." तिचे हिमोग्लोबिन तपासावे, हे मात्र कोणाला सुचत नाही. या वयाच्या मुलींमध्ये ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. मुलांमध्ये पंधराव्या वर्षापासून ही मर्यादा १३ आहे. साध्या तपासणीने जे कळते, त्यावर वर्षानुवर्षे स्वभावदोषाचा शिक्का मारला जातो. हा त्या मुलीवर अन्यायच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि मुलाला २२ मिलिग्रॅम लोह लागते. मुलीची गरज अधिक, कारण वाढीबरोबरच मासिक पाळीतून होणारी झीजही तिला भरून काढायची असते. आता बहुतेक घरांतील प्रथा आठवून पाहा. जिला लोहाची गरज अधिक, तिच्या ताटात भाजी कमी पडते. दुधाचा पेला आधी मुलाला, 'त्याला खेळायचे असते' म्हणून. उरलेले, शिळे संपवायचे काम आई आणि मुलगी यांच्याकडे. हे कोणी दुष्टपणाने करत नाही. पिढ्यान्पिढ्यांची सवय असते. पण सवयीने झाले म्हणून रक्तातील उणीव भरून निघत नाही.

लोह मिळवायचे कोठून? हिरव्या पालेभाज्या, बाजरी, कडधान्ये, अळीव, तीळ यांतून. मांसाहार करणाऱ्यांना मासे, मटण आणि काळीज यांतून. वनस्पतिजन्य लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याला 'क' जीवनसत्त्वाची सोबत लागते. भाजीवर लिंबू पिळणे, जेवणात कच्ची कोशिंबीर असणे, जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी किंवा आवळा खाणे यांमागचे शास्त्र हे आहे. याउलट जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा लोहाची वाट अडवतो. तासाभराचे अंतर ठेवले की झाले. कडधान्य भिजवून मोड आणले की त्यातील लोह अडवून धरणारे घटक कमी होतात. म्हणजे मटकीची उसळ करण्यापूर्वी आजी फडक्यात बांधून ठेवायची, ती कृती केवळ चवीसाठी नव्हती. लोखंडी कढई आणि तवा स्वयंपाकघरातून हद्दपार झाले आहेत. त्यांना परत आणायला फारसा खर्च येत नाही.

तरीही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, ३० मिलिग्रॅमचे लक्ष्य केवळ शाकाहारी ताटातून रोज गाठणे अवघड आहे. म्हणूनच शाळांतून आठवड्याला एकदा लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. २०१८ पासूनच्या 'अॅनिमिया मुक्त भारत' अभियानात या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. फेब्रुवारीत जंतनाशक गोळीही देतात, कारण पोटातील जंत लोहाची चोरी करतात. कित्येक पालक या गोळ्या मुलांना घेऊ देत नाहीत, 'सरकारी गोळीने पोट बिघडते' म्हणतात. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ होऊ शकते हे खरे. म्हणून ती जेवणानंतर घ्यावी. रक्त फारच कमी असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पण गोळी दप्तरातून थेट कचऱ्यात जाऊ देऊ नये.

हाडे, स्नायू आणि ऊन

लोहाच्या पाठोपाठ कॅल्शियम. १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब मांडून पाहावा. दोन पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर दुधातून सुमारे ४८० मिलिग्रॅम मिळते. ६० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून २१० च्या आसपास. दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम तिळातून १०० च्या वर. बाकीचे डाळी, पालेभाज्या, शेवग्याचा पाला, ताक यांतून भरून निघते. मासळी खाणाऱ्या घरांत काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी, सुकट आणि जवळा हे कॅल्शियमचे स्वस्त भांडार आहे. या गावांतील जुन्या घरांना ते सांगावे लागत नाही. नव्या सदनिकांत राहायला आलेल्या त्यांच्याच नातवंडांना मात्र सुकटीचा वास नकोसा झाला आहे.

नाचणीचे भाग्य अलीकडे पुन्हा उजळले आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. त्यानंतर नाचणीची बिस्किटे आणि नाचणीच्या चकल्या दुकानांत आल्या. पण साखर आणि मैद्यात चमचाभर नाचणी मिसळली म्हणून बिस्किटाची भाकरी होत नाही. घरी केलेले आंबील, सत्त्व, भाकरी यांची सर त्या पुड्याला येणार नाही.

कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचवायला 'ड' जीवनसत्त्व लागते, आणि ते अन्नातून फारसे मिळत नाही. ते सूर्यप्रकाशात त्वचेखाली तयार होते. सूर्य आपल्याकडे बारा महिने उदार आहे. तरीही २०१६-१८ च्या सर्वेक्षणात देशातील २४ टक्के किशोरवयीनांत 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. कारण उघड आहे. मूल इमारतीतून उद्वाहकाने खाली उतरते, वाहनात बसते, वर्गात बसते, शिकवणीत बसते आणि अंधार पडल्यावर परत येते. खेळाचा तास गणिताला दिला जातो. आठवड्यातून काही दिवस तरी हातापायांवर ऊन पडेल असे मोकळ्या मैदानात खेळणे हा आहाराचाच भाग मानला पाहिजे. हाडांवर भार पडला तरच ती बळकट होतात. कबड्डी, खोखो, धावणे, दोरीवरच्या उड्या यांना त्या दृष्टीने पर्याय नाही.

आता प्रथिने. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम. १६ ते १८ या वयात मुलाला ५५ आणि मुलीला ४६ ग्रॅम अशी शिफारस आहे. हे ऐकून अनेक पालक धास्तावतात आणि पावडरीचे डबे शोधू लागतात. पुन्हा घरगुती हिशेब करू. ६० ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून ६ ग्रॅम, ६० ग्रॅम तांदळाच्या भातातून ५, दिवसभरात दोन वेळचे मिळून ६० ग्रॅम डाळ-कडधान्यांतून १३, दोन पेले दुधातून १३, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. बेरीज ४४ झाली. त्यात एक अंडे किंवा मासळीचा एक तुकडा आला तर आणखी सहा-सात ग्रॅम. हे ताट कोणत्याही मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातले आहे.

धान्यात लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरणभात, मुगाची खिचडी, थालीपिठाची भाजणी, भाकरी-पिठले हे सारे त्या जोडीचे नमुने आहेत. व्यायामशाळेत जाणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेणे टाळावे, असा स्पष्ट सल्ला दिला आहे. तालमीत घाम गाळणाऱ्या जुन्या पैलवानांचा खुराकही स्वयंपाकघरातूनच येत असे.

पुण्याजवळच्या सहा गावांची साक्ष

किशोरवयातील उणिवेची किंमत त्या एका जीवापुरती राहत नाही. हे समजून घ्यायचे तर पुण्याजवळच्या सहा गावांकडे जावे लागेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तेथे मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पण आश्चर्य पुढेच होते. आपली बाळे लहानखुरी आणि स्नायूंनी किरकोळ असूनही त्यांच्या अंगावर चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक होते. दिसायला कृश, आतून स्थूल. पुढे मधुमेहाकडे झुकणाऱ्या भारतीय देहाची सुरुवात आईच्या उदरातच होते, हा विचार या संशोधनाने जगापुढे ठेवला.

याच अभ्यासात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली. ज्या गर्भवती स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे अधिक चांगल्या वजनाची होती. महागडे टॉनिक नव्हे. पालेभाजी, फळ आणि दूध. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना २००६ ते २०१२ या काळात पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून देण्याचा प्रयोग झाला. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा खाऊ सुरू झालेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन काहीसे वाढले. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाणही खाऊ मिळालेल्या गटात कमी आढळले. याचा बोध असा की, आईचे पोषण गरोदरपणात सुरू करणे म्हणजे उशीर करणे होय. ते त्याआधी, मुलगी वाढत असतानाच व्हायला हवे.

याज्ञिकांच्या अभ्यासात बी-१२ या जीवनसत्त्वाची मोठी उणीव मातांमध्ये आढळली. देशातील किशोरवयीनांतही ३१ टक्के जणांत ही कमतरता असल्याचे २०१६-१८ चे सर्वेक्षण सांगते. बी-१२ रक्ताला आणि मज्जासंस्थेला आवश्यक असते, आणि ते वनस्पतिजन्य अन्नात नैसर्गिकरीत्या मिळत नाही. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मांस यांतूनच ते येते. शाकाहारी कुटुंबांनी याचा गांभीर्याने विचार करावा. शाकाहार हा आपल्याकडील असंख्य घरांचा श्रद्धेचा विषय आहे आणि तो सोडण्याचे काहीच कारण नाही. पण ज्या घरात मूल मांसाहार करत नाही आणि दूधही 'आवडत नाही' म्हणून बंद झाले आहे, तेथे बी-१२ येणार कोठून? चहात पडणारे चार चमचे दूध पुरेसे नाही. अशा मुलाला दही, ताक, पनीर, खीर या रूपांत दूध द्यावे, आणि गरज पडल्यास तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक गोळी द्यावी.

त्या सहा गावांत जन्मलेली मुले-मुली किशोरवयात आली तेव्हा, २०१२ मध्ये, त्यांना रोज बी-१२ ची अल्प मात्रा देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांतील मुली पुढे माता झाल्या. बी-१२ मिळालेल्या मातांच्या मुलांची दुसऱ्या वर्षी चाचणी घेतली, तेव्हा आकलन आणि भाषा यांत त्यांचे गुण अधिक आढळले. किशोरवयीन मुलीच्या आहारात पडलेली भर तिच्या बाळाच्या बोलण्यात उमटते, याहून अधिक काय सांगावे?

एका विदुषीचे स्मरण

या विषयावर बोलताना डॉ. कमला सोहोनी यांचे स्मरण करणे कर्तव्य आहे. विदुषी दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. सत्याग्रहाच्या निर्धाराने त्यांनी प्रवेश मिळवला, आणि तेथे दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या मायदेशी परतल्या. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केल्यानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन आणि संशोधन केले.

ताडाच्या झाडापासून मिळणाऱ्या ताज्या नीरेत किती पोषक घटक आहेत, याचा अभ्यास त्यांनी केला. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केला असता त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा दिसून आली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले. केंब्रिजला शिकलेल्या या विदुषीने गरिबाच्या अंगणातील झाडाकडे पाहिले. स्वस्त, जवळचे आणि ओळखीचे अन्न शास्त्राच्या कसोटीवर घासून घ्यायचे आणि मग ते समाजाला परत द्यायचे, ही त्यांची दृष्टी होती. जुने म्हणून सारे सोने नव्हे आणि नवे म्हणून सारे शास्त्र नव्हे. कसोटी दोघांनाही लागू आहे.

पुडीतील मोह

मुलांनी बाहेरचे काहीच खाऊ नये, असा उपदेश करणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे. मित्रांबरोबर वडापाव खाणे हा वाढत्या वयाचा आनंद आहे. प्रश्न त्याच्या वारंवारतेचा आहे. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. घरी पाण्याच्या पेल्यात सहा चमचे साखर घालून कोणी मुलाला देईल का? पुडीतील चिप्समध्ये मीठ आणि तेल आहे. दिवसभराच्या मिठाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. अशा पदार्थांनी भूक मरते आणि ताटातील भाजी शिल्लक राहते, हे खरे नुकसान. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अति तेल, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. पालकसभेत गुणांविषयी बोलतो, तसे या नियमाविषयीही विचारता येईल.

मुलींच्या बाबतीत आणखी एक मोह आहे, बारीक होण्याचा. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील चेहरे पाहून जेवण सोडणाऱ्या मुली आज कमी नाहीत. त्यांना रागावून उपयोग नाही. घरातच तिच्या अंगकाठीवरून चेष्टा होत असेल, तर ती आधी थांबली पाहिजे.

उद्यापासून काय?

मोठे संकल्प टिकत नाहीत, म्हणून चार लहान गोष्टी. पहिली: घरातून उपाशी पोटी कोणी निघणार नाही. वेळ नसेल तर केळे, शेंगदाण्याचा लाडू आणि पेलाभर दूध. तेही पाच मिनिटांत होते. दुसरी: डब्यात रोज एक हिरवी गोष्ट आणि एक मोड आलेली गोष्ट असेल. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातील आदिवासी भगिनी टाकळा, कुर्डू, शेवळे, भारंगी रस्त्याकडेला विकायला बसतात. त्यांच्याकडून भाजी घ्यावी आणि करायची कशी तेही विचारून घ्यावे. तिसरी: वर्षातून एकदा घरातील प्रत्येक किशोरवयीन मुलामुलीचे हिमोग्लोबिन तपासले जाईल. चौथी: दिवसातून एक जेवण सारे कुटुंब एकत्र घेईल, समोर दूरदर्शन संच नसेल, आणि वाढताना मुलगा-मुलगी असा भेद होणार नाही. आईही त्याच पंगतीत बसेल. जी आई स्वतः उभ्याने, उरलेले खाते, तिची मुलगी तेच शिकते. तोंडाने सांगितलेल्या उपदेशापेक्षा डोळ्यांनी पाहिलेला संस्कार खोल जातो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक विनंती. ताटातील अन्नाला नावे ठेवण्यापूर्वी ते रांधणाऱ्या हातांनी काय खाल्ले, हे एकदा विचारा. आणि आपल्या वाटीतील भाजी बहिणीच्या वाटीइतकीच आहे ना, तेही पाहा.

आपल्याकडे अन्नाला पूर्णब्रह्म म्हटले आहे. त्या ब्रह्माची उपासना सोवळ्यात नाही आणि जाहिरातीतही नाही; ती आहे रोजच्या वाढपात, कोणाच्या ताटात काय पडते यात. उद्या सकाळी या फाट्यावर पुन्हा वाहनांची रांग लागेल. त्या रांगेतील प्रत्येक मूल घरून चार घास नीट खाऊन निघालेले असावे, यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. ते आजच्या रात्रीपासून, आपापल्या स्वयंपाकघरात, आपल्याच हाती आहे.